कर्नलचा राजीनामा

सरांची आणि माझी ओळख शेवाळामुळे झाली. त्या वेळी ते माझे सर नव्हते, आणि मी शेवाळाच्या विरुद्ध पक्षात होतो.

नीउ-व्हेनेप या डच गावात घर घेऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. मागे अंगण होतं. अंगण म्हणजे चार खाटा टाकल्या तर पाचवी उभी करून ठेवावी लागेल एवढी जागा. त्यात करड्या फरश्या, आणि फरश्यांच्या फटींतून वर आलेलं हिरवंगार शेवाळ. आमच्या रांगेतल्या इतर सगळ्या घरांच्या फरश्या मात्र स्वच्छ. इथला माणूस वसंत ऋतू आला की पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याचं एक यंत्र बाहेर काढतो आणि अख्ख्या हिवाळ्याचा राग फरशीवर काढतो. बायकोचं म्हणणं पडलं की आपलं अंगण बघून लोक आपल्या देशाबद्दल काय समजतील. देशाची जबाबदारी अंगावर आल्यावर मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून ते यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. शनिवारी सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोळ्यांवर मुलीचा पोहण्याचा चश्मा चढवून मी उभा राहिलो. मुलीने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दोन फरश्या झाल्या असतील नसतील, शेजारच्या कुंपणावरून एक पांढरं डोकं वर आलं. मी एकूण किती जणांना मारणार आहे, असं त्या डोक्याने मला अत्यंत सभ्य इंग्रजीत विचारलं.

शेजारचे म्हातारे गृहस्थ एकटे राहतात, येता-जाता हात करतात, एवढंच मला माहीत होतं. त्यांना मी दोन वर्षं पोर्तुगीज समजत होतो. कोणी तसं सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. यंत्र बंद केल्यावर ते मागच्या फाटकातून आत आले, खिशातून नखाएवढं भिंग काढलं आणि माझ्या फरशीवर सरळ गुडघे टेकून बसले. मलाही बसायला लावलं. एका फरशीच्या कडेला त्यांनी मला शेवाळाच्या पाच जाती दाखवल्या. मला एकच दिसत होती, पण मी पाचही वेळा 'अरे वा' म्हणालो. मग उठायला गेलो आणि पाठ धरली. ते सत्तरीच्या पुढचे, मी पन्नाशीच्या अलीकडचा. त्यांनी आणि बायकोने मिळून मला उभं केलं.

एवढी माहिती कशी, असं मी त्या वाकड्या अवस्थेत विचारलं. ते म्हणाले, पूर्वी शिकवत होतो. कुठे, तर विद्यापीठात. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशात. तिथे कोण होतात, तर प्रोफेसर.

मराठी माणसाच्या कण्यात एक कळ असते. समोरचा शिकवणारा आहे असं कळलं की ती आपोआप दाबली जाते आणि माणूस नमस्काराला वाकतो. मी आधीच वाकलेला होतो, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

अंगणाचा तह असा झाला की त्यांच्या कुंपणालगतच्या चार फरश्यांना मी हात लावायचा नाही. बायकोने तो नाखुशीने मान्य केला. कोणी विचारलंच तर हे विज्ञान आहे असं सांगायचं ठरलं.

खरी अडचण पुढेच होती. त्यांना हाक काय मारायची? त्यांनी आपलं पाळण्यातलं नाव सांगितलं आणि तेच वापरायचा आग्रह धरला. या देशात तशीच रीत आहे. ऑफिसात मी माझ्या साहेबाच्या साहेबाला नावाने हाक मारतो आणि आठ वर्षं झाली तरी दर वेळी आधी आवंढा गिळतो. इथे तर वडिलांच्या वयाचा माणूस, वर प्रोफेसर. बायको म्हणाली, "नावाने? ते काय तुझ्याबरोबर डबा खायचे?" मग मी 'ब्यूरमन' म्हणून पाहिलं. डचमध्ये त्याचा अर्थ शेजारी. पण कुंपणावरून 'अहो शेजारी' असं ओरडताना आपण घराचा नंबर पुकारतोय असं वाटे. तीन आठवड्यांनी जिभेने मला न विचारता 'सर' म्हणून टाकलं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, मी आता प्रोफेसर नाही.

मी त्यांना आमच्याकडची पद्धत समजावली. ज्यांनी आम्हाला शाळेत तीन वर्षं पी.टी. शिकवली आणि एकदाही चेंडू दिला नाही, तेही अजून सर आहेत. निवृत्त झाले, दुकान काढलं, दुकान बुडालं, तरी सरच. सरपण (जळणाचं नव्हे, शिकवण्याचं) आमच्याकडे एकदा लागलं की सुटत नाही.

"तुमच्याकडे सुटत नसेल," ते म्हणाले. "मी सोडलं. सही करून सोडलं."

एवढंच बोलून ते आत गेले. मला वाटलं, मोठ्या नोकरीसाठी सोडलं असेल. पण मग इथे येऊन त्यांनी काय केलं, तर फुलांचे कंद निर्यात करणाऱ्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत खोकी तपासली. कंदाला बुरशी आहे का, नाही, पुढचं खोकं. तिथेही सगळे नावानेच हाक मारत, त्यांच्या नातवाच्या वयाचा ट्रकवालासुद्धा. आम्ही मात्र त्यांना सर म्हणत राहिलो आणि ते आठ्या घालत राहिले.

त्याच सुमारास मी डचच्या लेखी परीक्षेत नापास झालो. इथलं नागरिकत्व हवं तर ती परीक्षा द्यावी लागते. बायको पहिल्या खेपेला पास झाली होती, आणि याचा उल्लेख ती दिवसातून एकदाच करायची. आमची मुलगी इथेच वाढलेली, वय पंधरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. माझा नापास झालेला पेपर तिने वाचला आणि इंग्रजीत अभिप्राय दिला, की बाबाचं डच मायक्रोवेव्हच्या सूचनांसारखं आहे, शब्द सगळे ओळखीचे आणि जेवण मात्र थंड. हे कुंपणापलीकडे ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला शनिवारी सकाळी दहा वाजता वही घेऊन बोलावलं. त्यांनीही ही भाषा चाळिशीजवळ, खोकी तपासता तपासता शिकली होती.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली. दहाला दोन मिनिटं कमी असताना गेलो तर दार उघडत नसे. दहा वाजता उघडे, आणि अकराला मी वाक्याच्या मधोमध असलो तरी संपे. आमचं बोलणं इंग्रजीत सुरू व्हायचं आणि डचमध्ये अडकायचं. ते शिसपेन्सिलीने चुका दाखवत, पण दुरुस्त करून देत नसत. बायको माझ्या हाती कधी कोथिंबीर वडी पाठवायची. कोथिंबीर त्यांच्याकडेही घरोघर वापरतात म्हणे. पहिली वडी खाऊन त्यांनी लगेच दुसरी उचलली, आणि त्या दिवशी शिकवणी अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत चालली.

एका शनिवारी साखरेच्या बरणीखाली एक चार पानी कागद दिसला. पुढच्या शनिवारीही तो तिथेच. तिसऱ्या शनिवारी त्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग पडला होता. दुसऱ्याच्या घरातला कागद कसला ते विचारू नये, हे मला कळतं. मी तिसऱ्या शनिवारपर्यंत विचारलं नाही, ही माझ्या मानाने कमाई आहे.

तो फॉर्म होता. त्यांची मुलगी युट्रेख्टला असते, तिने छापून आणून दिला होता. सरांच्या देशात पूर्वी लष्कराची सत्ता होती. त्या काळात ज्यांना विद्यापीठातून घालवलं, त्या शिक्षकांना त्यांचं विद्यापीठ इतक्या वर्षांनी पुन्हा आपल्या पटावर घेत होतं. हयात नाहीत त्यांनाही. पद परत मिळणार होतं, म्हणजे नुसतं नावापुढे लावायला. प्रोफेसर हा शब्द परत. त्यासाठी हा फॉर्म भरायचा. सहाव्या प्रश्नापुढे दोन चौकोन होते: बडतर्फ केले, राजीनामा दिला. ज्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली त्यांनी पुढचे प्रश्न भरायचे नव्हते. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

आता फॉर्म हा माझा धंदा. झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका काचेच्या मनोऱ्यात बसून मी लोकांनी भरायचे फॉर्मच बनवतो. इथे तिसरा चौकोन का नाही, या विषयावरच्या बैठकांत माझं तारुण्य गेलं आहे. मी जाणकाराच्या थाटात सांगितलं की सर, पहिल्यात खूण करा, सगळे तसंच करतात. फॉर्म बनवणाऱ्यालाही ते माहीत असतं.

सरांनी साखरेच्या बरणीचं झाकण लावलं आणि मला जे घडलं ते सांगितलं. त्यांनी ते खोकी तपासल्यासारखं सांगितलं, एकेक करून, आवाज न बदलता. मीही तसंच सांगतो.

लष्कर आल्यावर विद्यापीठावर एक कर्नल नेमला गेला. तो गणवेशात यायचा आणि कुलगुरूंच्या खुर्चीत बसायचा. एके दिवशी सकाळी शिक्षकांना एकेक करून बोलावलं. सरांच्या वर्गाची त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. चौदा मुलं-मुली सूक्ष्मदर्शकापुढे स्लाइड लावून बसली होती. दहा मिनिटांत येतो, असं सांगून सर गेले.

कर्नलच्या टेबलावर टाइप केलेल्या पत्रांची चळत होती. प्रत्येकाचं नाव घातलेलं, तारीख घातलेली. स्वेच्छेने, वैयक्तिक कारणास्तव. पेनही ठेवलेलं होतं. पण आधी थोडी चौकशी होती. सरांच्या कपाटातून नावांची एक यादी सापडली होती. सगळी नावं लॅटिन, म्हणजे टोपणनावं असणार. कोण आहेत हे लोक? सर म्हणाले, शेवाळं. कर्नलने विचारलं, राहतात कुठे? सर म्हणाले, बहुतेक दगडांच्या उत्तरेच्या बाजूला, ओढ्याकाठी. शेजारी बसलेल्या शिपायाने ते टाइप करून घेतलं.

मग पेन पुढे आलं आणि सरांनी सही केली. घरी बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती. मागच्या दाराने जा, असं सांगितलं, म्हणून मागच्या दाराने गेले. वर्गाकडे जाता आलं नाही. दुपारी फलकावर सूचना लागली की प्रोफेसर अमुक यांनी स्वेच्छेने विद्यापीठ सोडलं आहे. महिन्याभरात त्यांनी देशही सोडला.

"आणि माझ्या आधी रसायनवाला आत गेला होता," सर म्हणाले. "त्याने पत्र फाडलं. तो मागच्या दाराने बाहेर आला नाही. पुढच्याही नाही."

रसायनशास्त्राच्या त्या प्रोफेसरांचं पुढे काय झालं हे कोणालाच कळलं नाही. सरांनी फॉर्मवरच्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही त्याची जागा आहे. तिथे मी बसू? सही केलेला माणूस?" मग दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आणि इथे खूण केली तर कर्नलची सूचना मी आज स्वतःच्या हाताने पुन्हा लावली. त्या चौदा जणांसाठी."

मी बिस्कीट घेतलं. अकरा वाजले आणि त्यांनी मला वही मिटायला सांगितली. फॉर्म पोचवायला दोन महिन्यांची मुदत उरली होती, आणि तो पुन्हा बरणीखाली गेला.

त्या आठवड्याचा गृहपाठ असा होता: तुमच्या शेजाऱ्याची ओळख करून द्या, आता काय करतात, पूर्वी काय करत. परीक्षेत हा प्रश्न हटकून येतो. इथल्या सरकारला शेजाऱ्यांचं फार. मी रविवारी जेवणाच्या टेबलावर शब्दकोश घेऊन बसलो. माझी पद्धत अशी, की वाक्य आधी मराठीत नीट रचायचं, मग एकेक शब्द उचलून डचमध्ये ठेवायचा. घर बदलताना सामान हलवतात तसं. 'शेजारी शेवाळ शिकवत होते' हे हललं. 'मग सैन्य आलं' हेही हललं. पुढचं वाक्य होतं, 'कर्नलने त्यांचा राजीनामा घेतला.' शब्दकोशात राजीनामा म्हणजे ओन्टस्लाख. घेतला म्हणजे खेनोमेन. द कोलोनेल हेफ्ट झैन ओन्टस्लाख खेनोमेन. एकही काना इकडचा तिकडे झाला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मुलगी फ्रिजकडे जाता जाता खांद्यावरून वाचायला थांबली. माझ्या गृहपाठात तोंड घालायचं नाही, असा मी दम दिलेला होता, त्यामुळे तिने नुसते ओठ दाबून धरले. मग चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, हे सरांना दाखवच." ती मराठीत बोलली या आनंदात मला संशय आला नाही.

शनिवारी सरांनी वही ओढून घेतली आणि पेन्सिल घेऊन वाचायला लागले. पहिल्या ओळीत दोन खुणा, दुसरीत एक. तिसऱ्या ओळीवर पेन्सिल थांबली. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. चश्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, चेहरा लाल झाला, तोंडातून आवाज येईना. मला वाटलं, गेलं, माझ्या लिखाणाने म्हातारा गेला. रुग्णवाहिकेचा नंबर एकशे बारा की एकशे एकवीस हे मी आठवू लागलो. तेवढ्यात आवाज फुटला, आणि ते हसू होतं. दीड वर्षात मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

"कर्नलने राजीनामा दिला," डोळे पुसत ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंय, कर्नलने राजीनामा दिला. चाळीस वर्षांत हे कोणाला जमलं नव्हतं."

भानगड अशी होती. डचमध्ये नोकरी सोडणारा माणूस ओन्टस्लाख 'घेतो'. आणि मालक त्याला ओन्टस्लाख 'देतो' म्हणजे काढून टाकतो. आपल्या बरोबर उलट. त्यामुळे माझ्या वाक्यात सर सुखरूप शेवाळ शिकवत राहिले होते आणि कर्नल नोकरी सोडून घरी गेला होता.

चूक झाली की वाद घालायचा, ही माझी जुनी सवय. गुण वाचवायला मी म्हणालो की चूक डचची आहे, आमच्या भाषेत हे वाक्य अगदी बरोबर आहे. आमच्याकडे राजीनामा खालचा माणूस देतो आणि वरचा माणूस घेतो.

"कोणी दिला की वरचा घेणारच," सर म्हणाले. "त्यात काय."

"नाही सर. आपणहून दिला तर वरचा तो स्वीकारतो. घेतला म्हणजे वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

मी उदाहरण दिलं. आमच्याकडे दर थोड्या महिन्यांनी पेपरात येतं की अमुक मंत्र्याचा राजीनामा घेतला. वाचणाऱ्याला लगेच कळतं की मंत्री जायला तयार नव्हता, त्याला बसवून लिहून घेतलं.

"कागदावर सही कोणाची?"

"त्याचीच."

"कागदावर काय लिहिलेलं असतं?"

"प्रकृतीच्या कारणास्तव. नाहीतर वैयक्तिक."

"आणि तरी सगळ्यांना कळतं?"

"पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला, सर. पेपर न वाचणाऱ्यांनाही."

हसू कधीच थांबलं होतं. त्यांनी मला ते वाक्य मराठीत म्हणायला लावलं, मग सावकाश म्हणायला लावलं. राजीनामा हा शब्द कशाचा बनला आहे, असं विचारलं. मला माहीत नव्हतं, पण कधी विचार केला नव्हता हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून तिथल्या तिथे फोड करून बघितली. राजी, म्हणजे तयार, खूश. नामा, म्हणजे लेखी कागद. तयारीचा कागद. तो घेतला.

"राजीखुशीचा कागद जबरदस्तीने घेतला," सर म्हणाले. "आणि हे तुमच्या व्याकरणात बसतं?"

"बसतं."

ते उठून खिडकीपाशी गेले. माझ्या अंगणातल्या चार फरश्या तिथून दिसतात. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले की त्यांच्या देशातही लोक असं कधी कधी म्हणतात, कोपऱ्यातल्या कॅफेत, एखाद्याला 'राजीनामवलं' म्हणून. "पण आमच्याकडे तो विनोद आहे. तुमच्याकडे ते व्याकरण आहे."

आपल्या भाषेबद्दल अभिमान वाटावा की आपल्या मंत्र्यांबद्दल काळजी, हे मला ठरवता येईना. सर परत येऊन बसले.

"रसायनवाल्याचा घेतला?" त्यांनी विचारलं. परीक्षेत विचारतात तसं विचारलं.

मी विचार करून उत्तर दिलं. आयुष्यात मी फार उत्तरं विचार करून दिलेली नाहीत. "नाही सर. त्यांनी दिला नाही, आणि त्यांचा घेता आला नाही."

"तर ते दोन वेगळे चौकोन झाले."

"झाले."

त्यांनी बरणी उचलली आणि फॉर्म बाहेर काढला. अकरा वाजून गेले होते. मी वही मिटू लागलो तर म्हणाले, बसा. गृहपाठाला त्यांनी मला दहापैकी चार दिले. व्याकरणावर वाद घातला म्हणून कमी नव्हते केले, मुळातच तेवढे होते.

सहाव्या प्रश्नापुढच्या दोन्ही चौकोनांत त्यांनी खूण केली नाही. मोजपट्टी घेऊन खाली पेन्सिलीने तिसरा चौकोन काढला आणि त्यात खूण केली. सोबत दोन पानी पत्र जोडलं. स्पॅनिशमध्ये असल्यामुळे मला ते वाचता येत नव्हतं, पण टाकण्याआधी त्यांनी मजकूर सांगितला. सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. सही न केलेल्यांच्या रांगेत मला उभं करू नका. पण राजीनामा मी दिला नाही, तो घेतला. त्या दिवशी चौदा विद्यार्थी माझी वाट बघत होते, त्यांच्यापैकी कोणाचा पत्ता असेल तर ती फलकावरची सूचना दुरुस्त करावी. आणि शेवटी म्हणे त्यांनी मराठी क्रियापदाचा खुलासा केला होता, 'माझ्या एका सहकाऱ्याच्या भाषेत' असं म्हणून.

मी घरी जाऊन सांगितलं की सरांनी मला पत्रात सहकारी म्हटलंय. बायको म्हणाली, "तू? चार गुणवाला?"

पाच महिने उत्तर नव्हतं. तेवढ्या काळात मी लेखी परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो. सरांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि आम्ही पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. फॉर्मचं ते काही बोलत नसत. पण पोस्टमन गल्लीत वळला की शिकवता शिकवता त्यांचं वाक्य लांबत जाई, आणि तो पुढे गेला की पूर्णविराम पडे.

उत्तर आलं ते शरदात, एका शनिवारी, सव्वादहाला. जाड पाकीट. सरांनी ते सुरीने कापलं, उभ्यानेच वाचलं, मग मला डचमध्ये सांगितलं, सोप्या शब्दांत, मला समजावं म्हणून. विद्यापीठाच्या समितीच्या सचिवबाईंनी लिहिलं होतं की तो प्रश्न पुष्कळांनी कोरा सोडला होता, काहींनी समासात काहीबाही लिहून पाठवलं होतं, आणि कित्येकांनी फॉर्मच पाठवला नव्हता. सरांचं पत्र बैठकीत वाचलं गेलं. सहाव्या प्रश्नात आता तिसरा चौकोन घातला आहे. मात्र जुने फॉर्म त्यामुळे बाद झाले असून नवीन फॉर्म पहिल्या पानापासून भरून पाठवावा. माझ्यातल्या फॉर्मवाल्याला इथे ओळखीचं काही भेटल्यासारखं झालं.

खाली बाईंनी हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. त्या दिवशी त्या स्वतः खिडकीपाशी तिसऱ्या बाकावर होत्या. जेवणाची घंटा होईपर्यंत सगळे बसून होते. त्यांची स्लाइड वाळून गेली.

सरांनी त्या ओळी दोनदा वाचल्या.

"वाळणारच," ते म्हणाले. "वरची काच नीट बसवायचीच नाही ती कधी."

मग ते आतल्या खोलीत गेले आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आले ते तोंड धुऊन, केस विंचरून. म्हणाले, आज शिकवणी नाही, मला हे भरायचंय, पण तुम्ही थांबा.

मंजुरीचं पत्र यायला त्यानंतर वर्ष गेलं. ते छापील होतं, त्याचं काही विशेष नाही. मला आठवते ती ही सकाळ. नाव, जन्मतारीख, विषय, सगळं त्यांनी मोठ्या अक्षरांत भरलं. तिसऱ्या चौकोनात खूण करायला क्षणही लागला नाही. सहीच्या रेघेपाशी मात्र ते थांबले. पेन खाली ठेवलं आणि फॉर्म पहिल्यापासून वाचायला घेतला. चारही पानं, तळटिपा, अगदी खालची छापखान्याची बारीक ओळसुद्धा. सव्वादहाच्या फॉर्मला साडेअकरा वाजले. बायकोने कुंपणावरून दोनदा हाक मारली, अरे जेवायला येतोस ना. मी हाताने थांब म्हटलं. तिने काय झालं असं हाताने विचारलं, आणि मला ते हाताने सांगता येईना. थोड्या वेळाने ती वड्यांची ताटली घेऊन स्वतःच आली. काही न विचारता माझ्या शेजारी बसली.

"पेन तुमचं चालेल?" सरांनी मला विचारलं. त्यांचं स्वतःचं टेबलावर होतं. मी दिलं. त्यांनी सही केली, शाई वाळू दिली, आणि पेन परत करताना थँक यू म्हणाले.

टाकायला आम्ही तिघे चालत गेलो. आमच्या सुपरमार्केटसमोर नारिंगी टपालपेटी आहे, तिला दोन फटी आहेत. एक जवळपासच्या गावांसाठी, दुसरी इतर सगळ्या ठिकाणांसाठी. मी आत्मविश्वासाने डावीकडे बोट दाखवलं. सरांनी दोन्ही पाट्या वाचल्या आणि पाकीट उजवीकडच्या फटीत सोडलं. मग झाकण दोन बोटांनी उचलून पाकीट नीट खाली पडलंय का, ते वाकून बघितलं.